हाफटाइमचा काढा

"यानं काही खाल्लंय का? काही प्यायलाय का? पटकन सांगा," डॉक्टर मॅडम म्हणल्या, आन माझ्या तोंडातनं निघालं, "काही नाय."

खोटं बोलले मी.

माझा सख्खा भाऊ त्या पलंगावर पडलेला. तोंड लालभडक, गरम वाफ लागल्यासारखं, डोळे पण लाल, आन छाती एवढी उडत व्हती की जर्सीवरचा एक नंबर लांबून हलताना दिसायचा. दोनदा उलटी झाली व्हती, एकदा मैदानात, एकदा रिक्षात माझ्या ओढणीवर. सिस्टरनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला, आन मॅडमकडं बघून नुसती मान हलवली. माझ्या कडेवर दहा महिन्यांची पोरगी, ती रडून रडून घामाघूम, आन खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास. थर्मासाच्या तळाला अजून काढा व्हता. मी केलेला. त्यात काय घातलंय ते मला एकटीला माहीत व्हतं.

"दारू वगैरे?" मॅडम म्हणल्या.

"मॅडम, काय बोलता तुम्ही," आमचे हे एकदम मधे बोलले. गळ्यात शिट्टी तशीच लटकत. "माझा प्लेअर आहे तो. सुपारीसुद्धा खात नाही."

मॅडमनी त्यांच्याकडं नाय बघितलं, माझ्याकडं बघितलं. बायका बायकांकडं बघतात तसं. मी खाली मान घातली, पोरीच्या पायातला मोजा निघत व्हता तो वर ओढला, आन परत म्हणलं, "काही नाय दिलं, मॅडम."

का खोटं बोलले ते सांगायचं तर मला मागं जावं लागंल, नायतर तुम्ही म्हणाल ही बाई कसली.

मी आन आमचे हे, दोघं पण हरसूलकडचे. मी नववीपर्यंत शिकले, मंग शाळा सुटली आन मजुरांच्या टोळीबरोबर द्राक्षाच्या बागेत जायला लागले, दोन वर्षं गेले, मंग लग्न. आमचे हे आश्रमशाळेत शिकलेले. तिथं बूट नसताना फुटबॉल खेळले, मंग खेळाचंच पुढचं शिक्षण घेतलं, आन मागच्या जूनमध्ये नाशिकला एका कॉलेजात कोच म्हणून लागले. पक्की नोकरी नाय, तासावर. आम्ही अंबडकडं एक खोली घेतली, वर पत्रा, बाहेर सामायिक मोरी. माझ्या भावानं त्याच कॉलेजात नाव घातलं आन तो आमच्याकडंच राहायला आला. एकोणीसचा हाय, पण घरात आला की अजून पोरीबरोबर तिच्यासारखंच रांगायचा.

आधीचे कोच सर म्हातारे व्हते, रिटायर झाले. पोरांचे लय लाडके. ते मैदानात बॉल टाकायचे आन निंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे. पोरं मन भरंस्तवर खेळायची, खेळून झालं की सगळ्यांना वडापाव. मॅच हरले तरी वडापाव. आन तिथं आमचे हे गेले. पहिल्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं. बॉलच नाय आणला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत लाल माती भरून लाईनीत लावल्या आन म्हणले, यातनं पळा.

तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा म्हणला, "सर, पोलीस भरती हाय का ही?"

सगळे हसले. हे नाय हसले. ह्यांना हसायला वेळ लागतो, घरी पण. ते म्हणले, "भरतीच समजा. दोन राऊंड जास्त."

पंधरा दिवसांत पाच मोठी पोरं सोडून गेली, त्यात गोलकीपर पण गेला. राहिले ते अकरा. मोजून अकरा, बदलीला एक पण नाय. त्या अकरात माझा भाऊ गोलात उभा राहिला, कारण दुसरं कुणी उभं राहीना. त्याला उडी चांगली मारता यायची, पण बॉल कुणीकडनं येतोय ते त्याला कळायचं नाय. सोडून गेलेली पाच पोरं रोज कंपाउंडच्या भिंतीवर बसायची, पाय हलवत.

घरात तो ह्यांना दाजी म्हणायचा, मैदानात सर. हे मी त्याला पाठ करून घेतलं व्हतं. पण एक दिवस घाईत त्याच्या तोंडातनं गेलं, "दाजी, बॉल!" भिंतीवरचे पाचही जण खाली उतरून हसले. त्या दिवसापासनं त्या टीमचं नाव दाजीची टीम. गोल खाल्ला की भिंतीवरनं आवाज यायचा, "दाजी, मेव्हण्यानं सोडला हो!" कॅन्टीनवाला सुद्धा म्हणायचा म्हणे, "काय मेव्हणे, आज किती?"

पहिली मॅच सात शून्यानं हरले. हे घरी आले, पाय धुतले, आन भिंतीला टेकून बसले ते बसलेच. मी भाकर वाढली, ती तशीच वाळली. भाऊ दारातच उभा, आत यायला भीत व्हता. शेवटी हे म्हणले, "ये आत. सातातले तीन तुझे नव्हते." तो म्हणला, "मंग चार माझे का, दाजी?" आन तवा ह्यांना पहिल्यांदा हसू आलं.

दुसरी मॅच पाच शून्य. तिसरी परत पाच. प्राचार्यांनी ह्यांना बोलावून घेतलं, या वर्षी काही दिसलं नाय तर पुढच्या वर्षी फुटबॉल ठेवायचा का नाय त्याचा विचार करावा लागंल म्हणले. फुटबॉल नाय म्हणजे ह्यांचे तास नाय, ते त्यांनी बोलून नाय दाखवलं. हे त्या दिवशी सायकलवरनं न येता चालत आले, सायकल हातात धरून.

जर्स्या मी धुवायचे. अकरा. कॉलेज धुवायला देणार तरी कुणाला, म्हणून मी म्हणलं आणा. रविवारी मोरीवर बसले की शेजारची बाई म्हणायची, "काय गं, लाँड्री काढली का?" मी जर्सीवरनं पोरं ओळखायला लागले. सातवाल्याची नेहमी उजव्या कुशीला फाटलेली. नऊवाल्याच्या खिशात, म्हणजे चड्डीच्या, शेंगदाण्याची टरफलं. आन एक नंबरची सगळ्यात मळकी, कोपराला, छातीला, पाठीला, सगळीकडं माती. मी ती दोनदा घासायचे. चौथी मॅच तीन शून्यानं हरले तवा जर्सीच्या पुढच्या अंगाला जास्त माती व्हती, मागं कमी. मी ह्यांना म्हणलं, आता तो बॉलवर पुढं पडतोय. हे माझ्याकडं बघतच राहिले. म्हणले, "तुला कसं कळलं?" मी काय सांगू, साबण जास्त लागला म्हणून कळलं.

कमी कमी हरत चालले व्हते. मला तेवढ्यावर पण आनंद व्हायचा. सात, पाच, पाच, तीन, दोन. ह्यांनी भिंतीवर कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवलं व्हतं, मला वाटायचं मला दिसत नाय.

आता त्या मॅचचं सांगते. तिच्याआधी दोन दिवस ह्यांनी पोरांना आराम दिला. ह्यांचा एक कडक नियम व्हता, सिझन चालू हाय तोवर कुणी बाहेर मजुरीला जायचं नाय. अर्धी पोरं आमच्यासारख्याच घरातली, छाटणीचे दिवस, प्रत्येकाच्या घरचं माणूस बागेत. ह्यांनी सगळ्यांकडनं वचन घेतलं व्हतं, पाय आन पाठ मला शाबूत पाहिजे म्हणून. भाऊ म्हणला, "आई-बाबा दिंडोरीकडं आलेत टोळीबरोबर, बाबांची कंबर धरलीय, बघून येतो." आम्ही म्हणलं जा. त्यात काय.

दोन दिवसांनी सकाळी तो आला तो शिंकत, नाक वाहत, घसा बसलेला. हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतलेले. मला वाटलं थंडी वाजतीय. ह्यांनी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. "खेळशील?" म्हणले. तो म्हणला, "नायतर गोलात कोण, तुम्ही?" आन दोघं पण हसत मैदानाकडं गेले. मी पोरीला घेऊन मागनं येणार व्हते. एवढ्या मॅच झाल्या, मी एक पण बघितली नव्हती.

माझ्या बाळंतपणाला आई आली व्हती तवा तिनं एक बाटली आणली व्हती. मोहाची. आमच्याकडं प्यायला म्हणून नाय ठेवत ती बायका. पोराच्या छातीला चोळायला, बाळंतिणीच्या कमरेला, आन सर्दी झाली की काढ्यात एक बूच. माझ्या आईनं मला तसंच वाढवलं, ह्याला पण. पण आमच्या ह्यांना दारूचा वास चालत नाय. त्यांच्या वडलांचं सगळं त्यात गेलं. म्हणून मी ती बाटली तांदळाच्या डब्यात मागं ठेवलेली, ह्यांना माहीत नव्हती.

मी काढा केला. मिरी, सुंठ, गवती चहा, गूळ. खाली उतरवला आन मंग त्यात मोहाची टाकली, उकळत्यात टाकली की जोर जातो. एक बूच टाकली. मंग वाटलं तो एवढा मोठा गडी, त्याला एका बुचानं काय व्हणार, आन आज एवढं महत्त्वाचं, म्हणून तिरकी केली बाटली. किती पडली मी नाय मोजली. चांगला अर्धा कप असंल. थर्मासात भरला, वरनं फडकं गुंडाळलं, आन गेले.

हाफटाइमला शून्य शून्य व्हतं.

तुम्हाला हे काही वाटणार नाय. पण त्या अख्ख्या सिझनमध्ये दाजीच्या टीमनं एक हाफ बिनगोलाचा बघितला नव्हता. माझ्या भावानं दोन बॉल असे अडवले की मी ओरडले आन पोरगी दचकून रडायला लागली. भिंतीवरची ती पोरं आज गप्प व्हती. एक जण तर खाली उतरून लाईनीजवळ येऊन उभा राहिला, तोच पोलीस भरतीवाला. हे मधे उभे राहून पोरांना काहीतरी सांगत व्हते, हातानं दाखवत, आन त्यांचा चेहरा मी लग्नात पण तसा बघितला नव्हता.

मी भावाला बाजूला घेतलं. ग्लास भरून दिला.

"ताई, काय गं हे, कडू लागतंय."

"औषध हाय. गुमान पी."

"आईच्या काढ्यासारखं वास येतोय."

"मंग आईचाच हाय समज. पी, घसा मोकळा व्हईल."

तो पूर्ण ग्लास प्यायला. अजून अर्धा मागितला. तो पण मी दिला. तोंड पुसलं हातमोज्यानं आन पळत गोलात गेला.

पाच-दहा मिनिटं झाली असतील. मला आधी त्याचे कान दिसले, लाल. मंग मान. मला वाटलं ऊन हाय. मंग तो गोलच्या खांबाला धरून वाकला, उलटी केली, आन उठायला गेला ते गुडघ्यावरच बसला. तेवढ्यात समोरच्या टीमचा एक पोरगा बॉल घेऊन एकटाच आत घुसला. पुढं मोकळा गोल. त्या पोरानं बॉल नाय मारला. बॉलवर पाय ठेवून उभा राहिला आन दोन्ही हात वर करून ओरडला, "सर! अहो सर! तुमचा कीपर बघा!"

त्याची आई कोण असंल, मला तिच्या पाया पडायचं हाय.

मंग रिक्षा, मंग हा दवाखाना, मैदानाच्या मागच्या रस्त्याला. आन मॅडमनी विचारलं, आन मी म्हणलं काही नाय.

मला वाटलं, मी हो म्हणलं तर त्याच्या नावापुढं दारू लिहितील. कॉलेजचा पोरगा, अंगात कॉलेजची जर्सी, मॅचमध्ये पिऊन पडला. आन ह्यांना कळंल की माझ्या घरात बाटली व्हती. आन पोलीस, हातभट्टीचं प्रकरण म्हणून. ह्या सगळ्याचा मी एका श्वासात विचार केला, आन वर असं पण वाटलं की काढ्यानं कुणी मरत नाय, आम्ही लहानपणापासनं पितो, हे दुसरंच काहीतरी हाय. म्हणून बोलले. हे खरं हाय, काढ्यानं असं व्हतं हे मला तवा खरंच वाटत नव्हतं.

मॅडम म्हणल्या, "हृदयाचं असू शकतं. इथं नाही होणार, मोठ्या हॉस्पिटलला हलवायची तयारी करा." हे फोन लावायला बाहेर पळाले. सिस्टरनं सुई लावायला त्याच्या हातातला मोजा ओढून काढला, आन हात उलटा केला.

बोटांच्या बेचक्या लाल, सोललेल्या. मनगटाला बारीक बारीक फोड, ओळीनं.

मला ते फोड माहीत हायत. माझ्या पण हाताला दोन वर्षं आले व्हते. द्राक्षाची छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना, कोंब निघतात तिथं, एक औषध लावतात, डोळे एकदम फुटावेत म्हणून. त्याला पेस्ट म्हणतात. हातमोजे देतात, पण फाटतात, मंग कोण बदलतो. आन पेस्टच्या दिवसांत दारू म्हणजे मरण. आमच्या टोळीचा मुकादम रोज सकाळी गड्यांची तोंडं हुंगायचा. आठ दिवस थेंब नाय लावायचा. एका म्हाताऱ्यानं लावली व्हती चोरून, तो बांधावर असाच पडला व्हता, असाच लाल, छाती अशीच. मी बघितलं व्हतं. माझ्या डोळ्यांनी बघितलं व्हतं आन तरी माझ्या ध्यानात नाय आलं, कारण मला माहीतच नव्हतं की ह्यानं पेस्ट लावलीय.

बाबांना बघायला गेला आन बाबांच्या जागी उभा राहिला. टोळीत काम जोडीनं असतं, वेलीच्या ओळीला इकडनं एक माणूस आन तिकडनं एक. बाबा आडवे पडले म्हणजे आईची जोडी तुटली, आन जोडी तुटली की मुकादम बाईला पण घरी पाठवतो. भाऊ हे आम्हाला नियमापायी बोलला नाय. मी पण बाटली ह्यांच्यापायी लपवली. दोघांनी दोन गोष्टी एकाच माणसापासनं लपवल्या, आन त्या भावाच्या अंगात जाऊन भेटल्या.

आता मला सगळं कळलं, आन तरी मी लगेच नाय बोलले. हे मला लिहायलाच पाहिजे. सिस्टरनं सलाईन लावली, नळी साफ केली, थेंब पडायला लागले, एवढा वेळ मी गप्प उभी.  मंग भावानं डोळे न उघडता म्हणलं, "ताई, मला धर, मी खाली चाललो." तवा मी पोरगी सिस्टरच्या हातात कोंबली आन मॅडमचा हात धरला.

"मॅडम, मी पाजलं. काढ्यात मोहाची व्हती. आन ह्यानं पेस्ट लावलीय बागेत. पेस्टवर दारू चालत नाय. मी पाजली. मला माहीत नव्हतं."

मॅडमनी त्याचा हात उलटा करून बघितला. मंग म्हणल्या, "कोणती पेस्ट? नाव सांगा." नाव मला नाय सांगता आलं. त्यांनी फोन काढला, कुणाला तरी विचारलं, औषधाच्या दुकानवाल्याला पण विचारलं, मंग सिस्टरला भराभर इंग्रजीत काहीतरी सांगितलं. अजून एक सलाईन आली, नाकाला नळी आली, पाय उशीवर उचलून ठेवले. मला ओरडल्या नायत. एवढंच म्हणल्या, "आधी का नाही बोललात? मी भलतंच औषध देणार होते."

संध्याकाळपर्यंत त्याचा लालपणा उतरला, मोठ्या हॉस्पिटलला हलवायची गरज नाय पडली. पट्ट्यावरचा आकडा वर आला म्हणून सिस्टर स्वतः येऊन सांगून गेली. तो वाचला. सगळ्यात आधी हेच लिहायला पाहिजे व्हतं कदाचित, पण मला तसं नाय लिहिता आलं.

ह्यांना मी जिन्याखाली सांगितलं, चपलांच्या स्टँडजवळ. सगळं. बाटली, तांदळाचा डबा, अर्धा कप. ह्यांनी शिट्टी गळ्यातनं काढली आन तिची दोरी बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले. मला वाटलं मारतील. कधी मारलं नाय, पण वाटलं. मंग म्हणले, "त्याला काय सांगितलं?"

"अजून काही नाय. तो झोपलाय."

"त्याला सांगू नको."

"आन कॉलेजला?"

"ते मी बघतो. तू काही बोलायचं नाही. पोरगी लहान आहे आपली."

मॅडमनी कागदावर खरं लिहून दिलं व्हतं. हातावरनं अंगात गेलेलं औषध, काढ्यातली दारू, दोन्ही. ह्यांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आन दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन वेगळंच सांगितलं. पोराला बरं नव्हतं, मला माहीत व्हतं, बदलीला माणूस नव्हता, मी खेळवला, चूक माझी. मी म्हणलं असं का केलं, तर म्हणले, "पेस्टचं सांगितलं तर विचारतील दारू कुठनं आली. दारूचं सांगितलं तर त्याचं कॉलेज जाईल नाहीतर तुझं नाव येईल. माझं काय, तासच तर आहेत."

कॉलेजला पण तेच बरं वाटलं. कुणाला जास्त विचारायची गरज नाय पडली. पुढच्या महिन्यापासनं ह्यांचे तास बंद. ती मॅच अर्धी सोडली म्हणून हरलेली धरली, आन उरलेल्या दोन मॅच खेळायला कीपरच नव्हता, त्या पण समोरच्यांना तशाच देऊन टाकल्या. पोरांना वाटतं सरांनी आजारी पोराला मरायला उभा केला. ज्या पोरांच्या जर्स्या मी घासल्या त्यातला सातवाला मला बाजारात दिसला, मी हाक मारली, त्यानं तोंड फिरवलं. मी त्याला काय बोलू.

हे आता एका कंपनीत गेटवर हायत. खाकी कपडे. शनिवारी सुट्टी असली तरी मैदानाकडनं जात नाय, लांबनं फिरून येतात.

आन माझा भाऊ. तो कॉलेजात जातो, पण फुटबॉलचं नाव काढत नाय. त्याला आम्ही सांगितलंय पेस्ट अंगात गेली, म्हणून तसं झालं. त्यानं ते खरं मानलं. म्हणजे अर्धं खरंच हाय. परवा भाजी निवडताना माझ्यासमोर येऊन बसला. हात आता बरे झालेत, नुसते डाग राहिलेत. मेथीची जुडी सोडली आन पानं तोडता तोडता म्हणला, "ताई, माझ्यामुळं दाजींचं गेलं ना गं सगळं. मी बागेत गेलो नसतो, वचन पाळलं असतं, तर आपण ती मॅच नाय हरलो असतो. शून्य शून्य तरी झालीच असती."

मी म्हणलं, "तसं नाय रे."

"तसंच हाय. दाजी मला एक शब्द बोलले नाय, तेच जास्त लागतं. मी त्यांना म्हणलो, सर, मला माफ करा. घरात सर म्हणलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आन बाहेर निघून गेले."

तो रडत नव्हता. एकोणीस वर्षांचा पोरगा, मेथीच्या काड्या एकसारख्या करून ठेवत व्हता, एकावर एक. म्हणला पुढच्या वर्षी कॉलेज सोडतो, कामाला लागतो, दाजींचं काहीतरी भरून द्यायला पाहिजे.

माझ्या ओठावर आलं व्हतं. खरंच आलं व्हतं. की अरे, तू पेस्ट लावून दोन दिवस चांगला हिंडलास, सर्दीशिवाय तुला काही झालं नाय, ते मी केलं, माझ्या हातानं, दोनदा ओतून दिलं. पण मला माहीत हाय, हे सांगितलं तर तो आधी आईला विचारंल, मंग दाजींना विचारंल तुम्ही का लपवलं, मंग सरळ कॉलेजात जाईल आन प्राचार्यांपुढं उभा राहून सांगंल, तो तसाच हाय. मंग ह्यांनी जे स्वतःवर घेतलं ते सगळं फुकट, त्याचं कॉलेज पण जाईल, आन माझ्या पोरीला लोक म्हणतील हिच्या आईनं भावाला दारू पाजली. आन नाय सांगितलं तर तो जन्मभर असाच, खाली मान घालून, न केलेल्या गोष्टीचं ओझं घेऊन. कॉलेज तो तसं पण सोडणारच म्हणतोय.

ह्यांनी शपथ घातलीय गप्प बसायची. भाऊ रोज समोर बसतो. मी दोघांना पण वाढते, दोघांच्या पण ताटाकडं बघते, तोंडाकडं नाय बघवत.

मी जास्त शिकलेली नाय. मला हे कुणाला विचारताच येत नाय, म्हणून इथं लिहिलं. तुम्ही सगळं वाचलंत. माझ्या जागी तुम्ही असता, समोर तो मेथी निवडत बसलाय आन म्हणतोय माझ्यामुळं झालं, तर तुम्ही काय केलं असतं?